प्रस्तरारोहकांच्या मुक्कामात न चढणाऱ्याने कसे सामील व्हावे?

नाशिकच्या प्रस्तरारोहक मित्रांनी मनमाडजवळच्या हडबीची शेंडी या सुळक्याखाली दोन दिवसांच्या मुक्कामाला बोलावले, तर सुळका चढायचा नसला तरी अवश्य जावे. मात्र तो परिसर उघडा व कोरडा असल्यामुळे प्रत्येकाने दिवसाला किमान 4 ते 5 लिटर पाणी स्वतः वाहून न्यावे, कारण दोर आणि साहित्याच्या ओझ्याने आधीच वाकलेल्या मंडळींकडून तशी अपेक्षा करणे बरे नव्हे. हिवाळ्यात दुपारी ऊन भाजते आणि पहाटे थंडी बोचते, म्हणून टोपीबरोबर स्वेटरही हवा.

सर्वाधिक काळजी पायथ्याशी बसण्याची जागा निवडताना घ्यावी. सह्याद्रीतील बेसॉल्ट खडक अनेक ठिकाणी ठिसूळ असतो आणि चढणाऱ्याच्या पायाखालून सुटलेला दगड थेट खाली येतो; त्यामुळे चढाईच्या रेषेपासून लांब, बाजूला बसावे, जवळ जाणे भागच पडल्यास हेल्मेट घालावे आणि वरून दगडाचा इशारा आल्यास मान वर करून पाहू नये. दोरावर पाय देऊ नये. बिले देणाऱ्याशी, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याशी, गप्पा तर मुळीच मारू नयेत, मग चहा कितीही फक्कड झालेला असो. कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी असू शकतात, म्हणून अत्तर टाळावे व खाली धूर करू नये.

दिवसभर खाली बसून कंटाळा येणारच. अशा वेळी सोबत घेऊन जवळचे अंकाई-टंकाई किल्ले आणि तेथील जैन लेणी पाहावीत, परंतु निघताना परतीची वेळ कोणाला तरी सांगून ठेवावी. चढाई ठरल्यापेक्षा हमखास लांबते, तेव्हा रविवारी संध्याकाळच्या गाडीचे आरक्षण करू नये.