एस्कलेशन कमी करायचंय? आधी नीट मोजायला शिका

सपोर्ट टीममध्ये एस्कलेशनचा, म्हणजे एजंटकडून वर पाठवाव्या लागलेल्या तक्रारींचा, आकडा वाढला की वरून एकच फर्मान येतं, पुढच्या महिन्यात निम्मा करा. आणि तो निम्मा होतोही, कारण एजंट तिकीट (म्हणजे नोंदवलेली तक्रार) वर पाठवायचंच बंद करतात, कस्टमर तिथेच लटकलेला राहतो आणि मग सोशल मीडियावर बोंब मारतो. म्हणून आधी मोजायचं, कमी करायचं ते नंतर. उदाहरणाला ऑनलाइन कपडे विकणारी कंपनी घेऊया, कारण ऑर्डर-कुरिअर-रिफंडचा घोळ सगळ्यांनीच भोगलाय.

पहिलं काम म्हणजे एस्कलेशन कशाला म्हणायचं ते ठरवा. एक प्रकार असा की एजंटला सोडवता येत नाही म्हणून तिकीट एल टूकडे (म्हणजे एजंटच्या वरच्या, दुसऱ्या पातळीच्या टीमकडे) किंवा पेमेंट टीमकडे जातं. दुसरा म्हणजे कस्टमर तडकून म्हणतो, "तुमच्या मॅनेजरला द्या फोन". पहिल्यात माहिती नाहीतर अधिकार कमी पडलेत, दुसऱ्यात विश्वास उडालाय, आणि दोन्हींचा इलाज वेगळा, म्हणून टॅगही वेगळे. तिसरा टॅग बाहेर गेलेल्या तक्रारींना, म्हणजे 1915 वर कन्झ्युमर हेल्पलाइनला फोन गेला किंवा वकिलाची नोटीस आली असं काही.

मग टक्केवारी. समजा महिन्यात 2000 तिकिटं आली, त्यातली 120 वर गेली, तर रेट 6 टक्के. सोपंय, पण गोची दोन ठिकाणी होते. 30 तारखेला आलेलं तिकीट पुढच्या महिन्याच्या 4 तारखेला वर जातं, ते ज्या महिन्यात आलं त्याच महिन्यात धरा, नाहीतर दोन्ही महिन्यांचे आकडे चुकतात. दुसरं म्हणजे एकाच ऑर्डरसाठी माणूस चॅट करतो, मेल टाकतो, वर फोनही करतो, झाली तीन तिकिटं आणि प्रॉब्लेम एकच, तेव्हा ऑर्डर नंबर जुळवून एकच मोजा. सोबत बंद केलेली किती तिकिटं परत उघडली आणि वर गेल्यावर सुटायला किती तास लागले हेही लिहा. तासांची सरासरी नको, महिनाभर रखडलेलं एखादं तिकीट अख्खी सरासरी बिघडवतं, मीडियन घ्या, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावून बरोबर मधला.

आता सगळ्यात कंटाळवाणं काम, जे बहुतेक टीम टाळतात. वर गेलेली पन्नासेक तिकिटं उघडून अथपासून इतिपर्यंत वाचायची. ड्रॉपडाऊनमधल्या कारणांवर विश्वास ठेवू नका, शिफ्ट संपत आली की एजंट "इतर" निवडून मोकळा होतो. प्रत्येकापुढे एका ओळीत लिहा, एजंटला हे तिथल्या तिथे का सोडवता आलं नाही.

वाचलं की ठराविक दोन-चार कारणंच परत परत दिसतात, आणि रिफंड त्यात असतोच. एजंट सांगतो "रिफंड प्रोसेस झालाय, 5 ते 7 दिवस थांबा". आठव्या दिवशी माणूस परत येतो, एजंटच्या स्क्रीनवर अजून तेच "प्रोसेस्ड", मग तो पण तेच वाक्य परत चिकटवतो आणि भडका उडतो. इथे ट्रेनिंग देऊन काय होणार? त्याला कार्ड रिफंडचा एआरएन किंवा यूपीआयचा यूटीआर नंबर (ज्यावरून बँक तो व्यवहार शोधते) दिसू द्या, तो कस्टमरला मिळाला की बँकेत विचारायला हातात काहीतरी असतं. नियमही पाठ हवेत. यूपीआयने पैसे कापले गेले पण दुकानाकडे कन्फर्मेशन पोचलंच नाही, तर आरबीआयच्या सप्टेंबर 2019 च्या सर्क्युलरप्रमाणे व्यवहाराचा दिवस सोडून 5 दिवसांत पैसे आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढे रोजचे 100 रुपये भरपाई. आणि 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्याने 48 तासांत पोच द्यायची, महिन्याभरात तक्रार निकाली काढायची.

पुढची पायरी अधिकाराची. 200 रुपयांचा कुरिअर चार्ज परत करायलाही टीम लीडची परवानगी लागत असेल तर तिकीट वर जाणारच ना! एक रक्कम ठरवून द्या, समजा 500, तेवढ्यापर्यंत एजंटने स्वतः निर्णय घ्यावा आणि आठवड्याला त्यातली थोडी तिकिटं तुम्ही तपासावीत. गैरवापर होईल ही भीती सगळ्यांना वाटते, पण एल टूचा जो वेळ जातो त्याचा हिशोब कोणी मांडत नाही.

जे वर जाणारच आहे ते तरी नीट जाऊ द्या. "कस्टमर खूप चिडलाय, प्लीज चेक" ही नोट नाही. नोट अशी हवी: "साइज एल मागवला, एम आला. पिकअप 12 तारखेला झाला, वेअरहाऊसला एंट्री नाही. कस्टमरला उद्या 5 पर्यंत फोन करू असं सांगितलंय." म्हणजे पुढच्याला परत पहिल्यापासून विचारावं लागत नाही. आणि एल टूने सोडवल्यावर कसं सोडवलं ते त्याच एजंटला कळवायचं, नाहीतर तसंच तिकीट पुढच्या आठवड्यात परत वर.

एजंटला एस्कलेशनचं वैयक्तिक टार्गेट मात्र देऊ नका, माझं यावर ठाम मत आहे, त्याने फक्त लपवाछपवी वाढते. रेट खाली आला आणि रीओपन (परत उघडलेली तिकिटं) वाढले तर समजा तेच चाललंय. आणि दिवाळीच्या महिन्याची तुलना त्याआधीच्या महिन्याशी करू नका, सेलमध्ये नवीन कस्टमर, नवीन एजंट, कुरिअरवाल्यांची पळापळ, सगळंच वेगळं असतं, मागच्या दिवाळीचा आकडा काढा आणि त्याच्या शेजारी ठेवून बघा.