बरणीतला बेडूक आणि काढून टाकलेलं लेबल: प्राणिनमुने सांभाळताना या चुका टाळा

विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाची जबाबदारी नव्या माणसाकडे आली की त्याचा हात पहिल्यांदा साफसफाईकडे वळतो. बरण्या धुळकट, द्रव पिवळा, लेबलं कुरतडलेली. ते बघवत नाही, हे खरं. पण संग्रहाचं सगळ्यात जास्त नुकसान याच सुरुवातीच्या उत्साहात होतं. म्हणून पहिला महिना फक्त बघायचं, नोंदवही वाचायची, काहीही हलवायचं नाही.

जुनं लेबल काढून नवं लावणं

एका विभागात नॅकची (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) समिती येणार म्हणून आठ दिवसांत संग्रहालय चकाचक करायचं ठरलं. बरण्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या, तशी बाहेरची लेबलं सुटून गेली. आत पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या. त्या ‘घाण दिसतात’ म्हणून चिमट्याने काढल्या. त्यांच्या जागी लेझर प्रिंटरवर छापलेली एकसारखी लेबलं आली: वर संघ आणि वर्ग, खाली शास्त्रीय नाव. समिती आली, पाहून गेली. काही महिन्यांत अल्कोहोलमध्ये टोनर, म्हणजे प्रिंटरची काळी पूड, सुटला आणि अक्षरं काळ्या पापुद्र्यांसारखी तळाशी जाऊन बसली.

त्यातल्या एका बरणीत छोटे शेतबेडूक होते. नव्या लेबलवर नाव होतं ‘राना लिम्नोकॅरिस’. एके काळी पश्चिम घाटातले बरेचसे छोटे शेतबेडूक याच एका नावाखाली जायचे. आज ते मिनर्वार्या या प्रजातीतल्या वेगवेगळ्या जातींमध्ये विभागले गेले आहेत. म्हणजे जे बदलणारच होतं ते नाव जपलं गेलं, आणि परत कधीही मिळणार नाही ते फेकलं गेलं: ठिकाण, तारीख आणि कोणी गोळा केलं. नाव तज्ज्ञ पुन्हा ठरवू शकतो. बेडूक कुठल्या खाचरातून आला, हे बेडकाकडे बघून कुणालाही सांगता येत नाही.

ठिकाणही अर्धवट लिहू नका. ‘आंबोली’ एवढंच लिहिलेलं लेबल जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण आंबोली अंधेरीत आहे, त्र्यंबकजवळ आहे आणि सावंतवाडी तालुक्यातही आहे. आंबोली टोड ही जात २००९ मध्ये वर्णन झाली ती सिंधुदुर्गातल्या आंबोलीवरून, आणि तिचा पसारा फार थोडा आहे. अशा ठिकाणी तालुका आणि जिल्हा नसेल, तर नमुना अभ्यासातून बाद होतो. गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश-रेखांश, उंची, अधिवास, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नोंदवहीतला क्रमांक, हे सगळं लेबलवर हवंच. महिना अक्षरात लिहा. ५/७/९२ म्हणजे मे की जुलै, हे तीस वर्षांनी कोण सांगणार?

लेबल बरणीच्या आत, अक्षरं काचेकडे. कागद शंभर टक्के सुती, लेखन एचबी पेन्सिलीने किंवा कार्बनच्या कायम शाईने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. क्रमांकाची छोटी चिठ्ठी सुती दोऱ्याने नमुन्यालाच बांधा: बेडकाला मांडीला, माशाला कल्ल्यातून तोंडात ओवून. बरणी फुटली तरी क्रमांक नमुन्यासोबत राहतो. नवं लेबल लावायचं तर खुशाल लावा, पण जुनं त्याच्यामागे त्याच बरणीत ठेवा. आणि टेबलावर एका वेळी एकच बरणी उघडी असावी. दोन उघडल्या की चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, आणि ती कधीच कुणाच्या लक्षात येत नाही.

‘थोडं अल्कोहोल ओतलं की झालं’

पातळी खाली गेली की वरून भर घालायची, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण ७० टक्के अल्कोहोलमधून पाण्यापेक्षा अल्कोहोल लवकर उडतं. उरलेला द्रव ७० टक्के नसतो, त्यापेक्षा पातळ असतो. त्यात दर वर्षी ७० टक्क्यांची भर घातली तरी एकूण ताकद ७० ला पोचत नाही. पाणी ओतणाऱ्यांबद्दल तर काय बोलावं. ताकद ५० च्या खाली गेली की मांस मऊ पडायला लागतं, आणि एकदा सडलेलं परत घट्ट होत नाही.

आधी अल्कोहोलमीटरने, म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या खुणांच्या नळीने, ताकद मोजा. उंच मोजपात्रात द्रव घ्या, मीटर तरंगू द्या, डोळा पातळीला आणून वाचा. हे मीटर बहुधा २० अंश सेल्सिअसला जुळवलेलं असतं. मे महिन्यात खोली ३५ अंशांवर असते तेव्हा द्रव हलका होतो आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवतं; म्हणून तापमानही नोंदवा आणि तक्त्याने दुरुस्ती करा. ६० ते ७० च्या मध्ये असेल तर ९५ टक्क्यांचं रेक्टिफाइड स्पिरिट थोडं थोडं घालून वर आणा. ६० च्या खाली असेल तर द्रव बदला, पण एकदम तीव्र द्रवात टाकू नका, नमुना आक्रसतो. ७० टक्के करायला ९५ टक्क्यांच्या ७० मिली स्पिरिटमध्ये पाणी घालून ९५ मिली करा. डिनेचर्ड (पिता येऊ नये म्हणून भेसळ केलेल्या) स्पिरिटचा स्वस्त मार्ग धरू नका. काही डिनेचर्ड स्पिरिट पाणी घातल्याबरोबर दुधाळ होतं.

बरणीत फॉर्मलिन (फॉर्माल्डिहाइडचं पाण्यातलं द्रावण) आहे की अल्कोहोल, हे हुंगून ओळखायची सवय तर ताबडतोब सोडा. फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक आहे. त्याऐवजी दुधाच्या पिशवीचा नखाएवढा तुकडा घ्या आणि चिमट्याने द्रवात पूर्ण बुडवून सोडा. ७० टक्के अल्कोहोलमध्ये तो तळाला जातो, फॉर्मलिनमध्ये वर येतो. बुडबुडे चिकटलेले असतील तर झटकून पुन्हा बघा. फॉस्फेट बफर (आंबटपणा वाढू न देणारे क्षार) घातलेल्या फॉर्मलिनमध्ये चुकून अल्कोहोल ओतलं तर क्षार पांढरे होऊन बाहेर पडतात. ती बुरशी नव्हे.

आणखी काही चुका

१० टक्के फॉर्मलिन म्हणजे बाजारातलं फॉर्मलिन १ भाग आणि पाणी ९ भाग. त्यात फॉर्माल्डिहाइड साधारण ४ टक्केच असतं. बफर नसलेलं फॉर्मलिन आंबट होत जातं आणि शिंपले, तारामासा, माशांचे कर्णाश्म (कानातले खडे) हळूहळू विरघळवतं. प्रति लिटर ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम फॉस्फेट घाला. द्रव नमुन्याच्या निदान दसपट हवा. मोठ्या माशाला पोटावर उजव्या बाजूने चीर द्या, नाहीतर आतडं आतूनच कुजतं. डावी बाजू मोजमापासाठी अखंड ठेवायची असते. डीएनएसाठी ऊतीचा तुकडा हवा असेल तर तो फॉर्मलिनच्या आधी काढून ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. नंतर पश्चात्ताप करून उपयोग नाही.

कीटकांच्या पेटीत थर्माकोल आणि नॅप्थलिन (डांबरगोळ्या) एकत्र ठेवू नका. नॅप्थलिनच्या वाफेने थर्माकोल मऊ पडून बसतो आणि टाचण्या ढिल्या होतात. पॉलिइथिलिनचा फोम वापरा. भुंगेऱ्याची टाचणी उजव्या पंखाच्छादनातून (वरच्या कडक पंखातून), आणि तीही स्टेनलेस स्टीलची. शिंप्याच्या टाचणीला पावसाळ्यात गंज चढतो. टाचणीखाली बारीक भुगा दिसला तर तो वाळलेले नमुने खाणाऱ्या डर्मेस्टिड अळीचा. पेटी पॉलिथिनमध्ये घट्ट बांधून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर पाणी सुटतं. घरगुती फ्रिजचा बर्फाचा कप्पा या कामाचा नाही.

शिंपले प्लायवूडच्या खणात ठेवले की काही वर्षांनी त्यांवर पांढरी पूड येते. लोक ती बुरशी समजून पुसतात. ती लाकडातल्या आम्लाच्या वाफेने आलेली असते. स्टीलचं कपाट हाच उपाय.

जुन्या पक्ष्यांच्या आणि सस्तन प्राण्यांच्या कातड्यांना आर्सेनिकचा साबण लावलेला असू शकतो. डोळ्यांभोवती, पायांच्या मुळाशी पांढरी पूड दिसली तर झटकू नका, फुंकू नका. नायट्राइल हातमोजे घाला, कपाटावर सूचना लावा आणि विद्यार्थ्यांच्या हातात तो नमुना देऊ नका.

रस्त्यावर मेलेला सापडलेला साप किंवा घुबड बरणीत भरून नोंद करायची घाईही नको. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार असा प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. ताब्यात आल्यापासून ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि तो ठेवून घ्यायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्या पत्राचा क्रमांक नोंदवहीत नमुन्याच्या ओळीतच लिहा.