घर सोडून आलेल्या पोरांसाठी अमेरिकेत फेडरल ग्रँट मागायची असेल तर काय करायचं

इथे अमेरिकेत नॉनप्रॉफिटच्या बोर्डावर आपली बरीच मराठी मंडळी असतात आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच की आम्ही घरातून पळालेल्या, बेघर मुलांसाठी काम करतो, सरकारी पैसे कसे मिळवायचे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकते. लगेच प्रपोजल लिहायला बसू नका. बहुतेकांची ग्रँट हुकते ती त्याच्या आधीच्या कंटाळवाण्या कामात.

पहिलं काम सॅम डॉट गव्हवर, म्हणजे सरकारी पैसे घेणाऱ्या संस्थांची नोंद होते त्या सरकारी साइटवर, संस्थेचं रजिस्ट्रेशन. फुकट आहे, "आम्ही करून देतो, एवढे डॉलर द्या" असा फोन आला तर ठेवून द्या सरळ. तिथे यूईआय नावाचा १२ अक्षर-आकड्यांचा नंबर मिळतो, जुना डन्स नंबर २०२२ पासून चालत नाही, आणि हे रजिस्ट्रेशन दरवर्षी रिन्यू करायला लागतं. आमच्याकडे काय झालं, टॅक्सच्या कागदांवर संस्थेच्या नावापुढे 'इन्कॉर्पोरेटेड' होतं आणि सॅमवर फॉर्म भरणाऱ्याने ते गाळलं, तेवढ्यावर व्हेरिफिकेशन अडकलं, हा कागद पाठवा तो कागद पाठवा करत पाच आठवडे गेले आणि डेडलाइन गेली. मग ग्रँट्स डॉट गव्ह, म्हणजे जिथे अर्ज टाकायचा ती साइट, तिचं अकाउंट वेगळं, आणि अर्ज सबमिट करायचा अधिकार कुणाला तेही तिथे आधीच सेट करायचं. दोघांना द्या, एकजण नेमका त्याच आठवड्यात भारतात गेलेला असतो.

आता पैसे कुठले मागायचे. या कामासाठी १९७४ पासूनचा कायदा आहे आणि पैसे हेल्थ अँड ह्यूमन सर्व्हिसेस खात्यातल्या फॅमिली अँड यूथ सर्व्हिसेस ब्यूरोकडून येतात. बेसिक सेंटर प्रोग्रॅम म्हणजे १८ च्या आतल्या मुलांसाठी तात्पुरतं शेल्टर, जास्तीत जास्त २१ दिवस, मूल आल्यापासून ७२ तासांच्या आत पालक किंवा नातेवाइकांशी संपर्क साधायचा, शक्य आणि मुलासाठी सेफ असेल तर घरीच परत पाठवायचं. ट्रान्झिशनल लिव्हिंग वेगळं, १६ ते २१ वयाची पोरं, ज्यांना परत जायला घरच नाही, ५४० दिवसांपर्यंत राहता येतं आणि अगदी खास परिस्थितीत ६३५. गरोदर किंवा बाळ असलेल्या मुलींसाठी मॅटर्निटी ग्रुप होम. आणि रस्त्यावर जाऊन पोरांना गाठायचं असेल तर स्ट्रीट आउटरीच. अमुक दिवस राहू द्या म्हणून आपण गळ घालू असं वाटत असेल तर विसरा, तुमची पोरं खरंच किती दिवस राहतात ते रजिस्टर काढून बघा आणि त्यावरून प्रोग्रॅम ठरवा. एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, बेसिक सेंटरचा पैसा राज्यातल्या १८ खालच्या लोकसंख्येच्या हिशोबाने राज्याराज्यात वाटलेला असतो, म्हणजे तुमची स्पर्धा तुमच्याच राज्यातल्या संस्थांशी.

मॅचचं, म्हणजे संस्थेने स्वतः घालायच्या वाट्याचं, गणित नीट बघा कारण इथे हिशोबी माणसंही घसरतात. सरकार एकूण खर्चाच्या ९०% देतं, उरलेले १०% तुमचे. १,८०,००० डॉलर मागताय? मग मॅच १८,००० नाही, २०,०००, कारण १०% एकूण २,००,००० चे काढायचे, ग्रँटचे नाही. आणि हे रोखच हवं असं नाही, कुणी जागा फुकट दिली तर त्या भागातल्या चालू भाड्याने तिची किंमत धरता येते, व्हॉलंटियरचे तासही धरता येतात पण मग टाइमशीट पाहिजे, तारीख, तास, काम, सही. आमच्याकडे एक काकू दर शनिवारी पोरांना शिकवायच्या, वर्षभर, आणि कागदावर त्यांचा एक तासही नव्हता. वर्षाच्या शेवटी आठवून आठवून भरलेलं टाइमशीट ऑडिटर एका नजरेत ओळखतो हो.

आता बसा लिहायला. ग्रँटची नोटीस, म्हणजे अर्ज मागवणारी जाहिरात, आली की ती प्रिंट काढून गुणांचं पान आधी वाचा, कुठल्या भागाला किती गुण ते, आणि हेडिंगं त्याच क्रमाने तशीच ठेवा, रिव्ह्यूअरला शोधायला लावू नका. बजेटमधला प्रत्येक आकडा मजकुरात सापडला पाहिजे, रात्रपाळीला दोन माणसं लिहिलीत आणि बजेटमध्ये दीडच पगार असेल तर झालं. ऑफिसचा वरखर्च विसरतात लोक, त्यासाठी सरकारशी ठरलेला टक्का, म्हणजे इनडायरेक्ट रेट, नसेल तर १५% पर्यंत धरता येतो, ऑक्टोबर २०२४ च्या आधी १०% होता. आणि अर्ज रात्री ११:५९ ला नको, ती वेळ ईस्टर्न असते, कॅलिफोर्नियावाल्यांचे तीन तास तिथेच जातात. दोन दिवस आधी टाका, एरर आली तर दुरुस्त करायला वेळ राहतो.

मिळाली नाही तर रिव्ह्यूअरचे शेरे मागून घ्या आणि तोपर्यंत तुमच्या भागातल्या कंटिन्युअम ऑफ केअरच्या, म्हणजे बेघरांसाठी काम करणाऱ्या स्थानिक संस्थांच्या गटाच्या, मीटिंगला जायला लागा, हाउसिंग खात्याचे तरुणांसाठीचे पैसे तिथून फिरतात आणि तिथे नवीन चेहऱ्याला पहिल्या मीटिंगला कुणी काही देत नाही.