उतारा १२.५ दिसतोय, पण आहे किती? आकडे राउंड करताना या चुका टाळा

कोल्हापूर जिल्ह्यात दशांश चिन्हापुढच्या आकड्यावर ऊसबिल ठरतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के साखर उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी, म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा किमान ऊसदर, ठरवली आणि त्यापुढच्या दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जादा. टनाला हे ३४ रुपये ६० पैसे होतात. तरीही उताऱ्याची आकडेवारी घेऊन प्रकल्प करणारी मुलं सॉफ्टवेअरने स्क्रीनवर जे दाखवलं तेच रिपोर्टमध्ये उतरवतात. स्क्रीनवरचा आकडा आणि मेमरीतला आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी पक्कं करा.

दिसतं तेच खरं मानणं

आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये साधी डेटाफ्रेम, म्हणजे माहितीचा तक्ता, सात सार्थ अंकांपर्यंत (सुरुवातीची शून्यं सोडून मोजलेले अंक) दाखवते. तीच माहिती टिबल या दुसऱ्या प्रकारच्या तक्त्यात घेतली की तीनच सार्थ अंक दिसतात. मग १२.४६ आणि १२.५४ हे दोन्ही उतारे १२.५ दिसतात आणि दोन गटांत फरकच नाही असं वाटतं. आत आकडे पूर्ण असतात, फक्त दाखवताना आखडलेले असतात. कमी अंकांचा हा डिफॉल्ट उताऱ्यासारख्या आकड्यांसाठी माझ्या मते सरळ गैरसोयीचा आहे. काम सुरू करतानाच ऑप्शन्समध्ये सार्थ अंक पाच-सहा करून ठेवा.

एक्सेलमधून सीएसव्ही काढताना अंक गमावणं

ही सगळ्यात घातक चूक, कारण इथे आकडा नुसता लपत नाही, जातोच. शीट नेटकी दिसावी म्हणून कुणीतरी दशांश कमी करायचं बटण दाबतं. सेलवर क्लिक केलं तर वर फॉर्म्युला बारमध्ये १२.४४६ दिसतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण फाइल सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह केली की एक्सेल सेलमध्ये दिसणारा आकडा लिहितं, म्हणजे १२.४. पुढे एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर असो की आर, त्यांच्याकडे १२.४ च पोहोचतं. मूळ एक्सेल फाइल पुसली असेल तर उरलेले अंक परत मिळत नाहीत. त्यामुळे सेव्ह करण्याआधी त्या कॉलमचा फॉरमॅट जनरल करा, नाहीतर एक्सेलची फाइलच थेट वाचायला द्या. सीएसव्ही तपासायची तर नोटपॅडमध्ये उघडा.

एक्सेलच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘दिसते तेवढीच अचूकता ठेवा’ अशा अर्थाचा एक पर्याय आहे. तो चालू केला की साठवलेले आकडेही कायमचे कापले जातात. त्याला हात लावू नका.

दोनदा राउंड करणं

प्रयोगशाळेत सरासरी आली १२.४४६. तक्त्यात ती १२.४५ लिहिली. ऑफिसात त्या तक्त्यावरून एकाच दशांशात घेतली, झाली १२.५. मूळ आकडा थेट एका दशांशात घेतला असता तर १२.४ आला असता. दोघांनीही ‘अर्धा आला की वर’ या शाळेतल्या नियमानेच राउंड केलं, तरी उत्तर ०.१ ने सरकलं. दहा लाख टन गाळपावर वरच्या दराने याचे ३ कोटी ४६ लाख रुपये होतात! राउंड एकदाच करायचं, तेही सगळ्यात शेवटी आणि मूळ आकड्यावरून. मधल्या सगळ्या पायऱ्यांत पूर्ण आकडा न्या.

पी-व्हॅल्यू शून्य लिहिणं

पी-व्हॅल्यू म्हणजे खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता. एसपीएसएस ती .००० दाखवतं, म्हणून प्रबंधात ‘पी = ०.०००’ छापू नका. ‘पी < ०.००१’ लिहा. तक्त्यावर डबल क्लिक करून त्या सेलमध्ये गेलात तर पुढचे अंक दिसतात. आरमध्ये येणारं ‘< २.२ई-१६’ हीसुद्धा तुमची पी-व्हॅल्यू नव्हे. डबल प्रिसिजनच्या, म्हणजे संगणक दशांश आकडे ज्या अचूकतेने साठवतो तिच्या, मर्यादेवरून ठरवलेली ती छापण्याची सीमा आहे. आणि दोन दशांशांत ०.०४९६ आणि ०.०५०४ दोन्ही ०.०५ च दिसतात, तेव्हा ०.०५ च्या आत की बाहेर हा निर्णय राउंड न केलेल्या आकड्यावरून घ्या.

एक्सेल आणि आरचं जुळेना

२.५ राउंड केलं की एक्सेल ३ देतं, आर आणि पायथन ही प्रोग्रामिंग भाषा (तिसरी आवृत्ती) मात्र २ देतात. यात बिघाड काही नाही. एक्सेल नेमक्या अर्ध्यावरचा आकडा वर ढकलतं, बाकीचे दोघे जवळच्या सम अंकाकडे नेतात. आकडे राउंड करण्याच्या आयएस २ या भारतीय मानकातही सम अंकाचाच नियम आहे, त्यामुळे लॅबच्या टेस्ट रिपोर्टसाठी एक्सेलचं राउंड जसंच्या तसं वापरू नका. पायथनमध्ये २.६७५ दोन दशांशांत २.६७ येतं, त्याचं कारण मात्र वेगळं. २.६७५ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, तंतोतंत मावत नाही, साठवलेला आकडा किंचित कमी असतो. म्हणूनच ०.१ + ०.२ बरोबर ०.३ आहे का असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. अशी तुलना थेट बरोबरच्या चिन्हाने न करता फरक ठरावीक मर्यादेत आहे का ते बघा.

टक्क्यांची बेरीज ९९.९ आली तर एखाद्या गटात ०.१ घुसवून शंभर करू नका. तक्त्याखाली ‘राउंड केल्यामुळे बेरीज १०० येत नाही’ एवढी ओळ पुरते.