अमर्याद संगीतासह मोबाइल घेताना

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असो वा धुळ्या-नंदुरबारच्या एखाद्या दुकानात, मोबाइलसोबत ‘अमर्याद गाणी मोफत’ असे सांगितले गेले, तर ही सवलत किती महिन्यांची आहे आणि ती संपल्यावर उतरवून घेतलेल्या गाण्यांचे काय होणार, हे आधी विचारावे. नोकियाने 2008 मध्ये ब्रिटनमध्ये आणलेल्या अशा योजनेत वर्ष उलटल्यावरही गाणी ग्राहकाकडेच राहत, मात्र कुलूपबंद स्वरूपामुळे ती इतर उपकरणांवर वाजवता येत नसत. आजच्या वर्गणी-सेवांमध्ये मुदत संपली, की साधारणपणे उतरवलेली गाणीही बंद होतात. म्हणून ‘मोफत’ याचा अर्थ भाड्याने असाच घ्यावा.

अहिराणी गाणी ऐकणाऱ्यांनी आवडीची चार-पाच नावे त्या सेवेत दुकानातच शोधून पाहावीत. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे राहणाऱ्यांनी जिथे नेटवर्क चांगले मिळेल तिथेच गाणी उतरवून घ्यावीत. 128 केबीपीएस दर्जाचे पाच मिनिटांचे गाणे सुमारे 5 एमबी जागा घेते, म्हणजे हजार गाण्यांना 5 जीबी पुरतात.

सेवा सुरू करताना यूपीआय ऑटोपेची, म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापले जाण्याची, संमती मागितली गेल्यास मोफत मुदतीची अखेरची तारीख लिहून ठेवावी आणि सेवा नको असेल, तर त्यापूर्वीच यूपीआय अ‍ॅपमधील ऑटोपे विभागात जाऊन ती संमती रद्द करावी. नुसते संगीताचे अ‍ॅप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही.