सिएनाचे कॅथेड्रल ऑडिओ गाईडसह पाहताना या चुका टाळा

इटलीच्या सहलीत आपल्याकडचे बहुतेक प्रवासी फ्लॉरेन्समध्ये दोन-तीन रात्री राहतात आणि सिएनासाठी अर्धा दिवस बाजूला काढतात. बसने सव्वा तासाच्या आसपास प्रवास, पियाझ्झा देल काम्पोच्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात छायाचित्रे, जेवण आणि मग कॅथेड्रल, असा साधारण बेत असतो. तिकीट घेतले जाते, ऑडिओ गाईड गळ्यात पडतो, पहिल्या क्रमांकाचे बटण दाबले जाते आणि दोन तासांनी माणूस दमून बाहेर येतो तेव्हा त्याच्या तिकिटावरच्या निम्म्याहून अधिक वास्तू पाहायच्या राहिलेल्या असतात. यात यंत्राचा दोष क्वचितच असतो. सिएनाचे कॅथेड्रल ही एक इमारत नसून टेकडीच्या माथ्यावर आणि उतारावर पसरलेला वास्तूंचा समूह आहे, हे कोणी आधी सांगितलेले नसते आणि ऑडिओच्या क्रमांकांवरूनही ते कळत नाही.

एकत्रित पासमध्ये काय येते, ते प्रथम नीट समजून घ्यावे. मुख्य कॅथेड्रल, म्हणजे दुओमो. त्याच्या डाव्या बाजूने आत उघडणारे पिकोलोमिनी ग्रंथालय. शेजारचे कॅथेड्रलचे संग्रहालय आणि त्यातूनच वर जाणारी ‘फाच्चातोने’ नावाची अर्धवट राहिलेली भिंत. उतारावरच्या पायऱ्यांच्या मध्यावर दार असलेले तळघर. आणि त्याच पायऱ्यांच्या तळाशी, कॅथेड्रलच्या वेदीच्या भागाखाली असलेले बाप्तिस्मागृह. समोरचे सांता मारिया देल्ला स्काला हे एकेकाळचे इस्पितळ त्याच चौकात असले तरी ते स्वतंत्र आहे आणि त्याला वेगळे तिकीट लागते. अनेक जण हा पास दाखवून तेथे रांगेत उभे राहतात आणि परत फिरतात.

महिना न पाहता जाणे

सर्वांत मोठी चूक घरी असतानाच होते. या कॅथेड्रलची संगमरवरी जमीन ही येथील सर्वांत वेगळी गोष्ट आहे. चौदाव्या शतकापासून पुढची काही शतके, चाळीसच्या आसपास कलावंतांच्या रेखाटनांवरून, संगमरवर कोरून आणि रंगीत दगड एकमेकांत बसवून येथे 56 चित्रे घडवली गेली. मात्र पायांनी झिजू नये म्हणून घुमटाखालचा आणि वेदीजवळचा भाग वर्षातील बहुतेक काळ फळ्यांनी झाकलेला असतो. साधारणपणे जूनच्या अखेरीपासून जुलैअखेरपर्यंत आणि पुन्हा ऑगस्टच्या मध्यानंतर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ती पूर्ण उघडी ठेवतात. 16 ऑगस्टला सिएनाच्या मोहल्ल्यांमधली प्रसिद्ध पालिओ घोडेशर्यत होते आणि जिंकलेल्या मोहल्ल्याची माणसे गात-ओरडत थेट कॅथेड्रलमध्ये शिरतात, हे लक्षात घेतले की मधल्या पंधरवड्यात जमीन का झाकत असतील, हे वेगळे सांगावे लागत नाही. नेमक्या तारखा दरवर्षी थोड्या पुढेमागे होतात, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी कॅथेड्रलच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या पाहाव्यात.

मी पहिल्यांदा फेब्रुवारीत गेलो होतो. कानात निवेदक घुमटाखालच्या मोठ्या षटकोनाविषयी, बायबलमधील एलिया संदेष्टा आणि अहाब राजा यांच्या कथांविषयी, दोमेनिको बेक्काफुमीने दगडात साधलेल्या छायाप्रकाशाविषयी भारावून बोलत होता आणि माझ्या बुटांखाली राखाडी फळ्या होत्या. मी दोनदा मागे जाऊन ऐकले, आपण चुकीच्या जागी उभे आहोत असे समजून पलीकडे गेलो आणि शेवटी एका रखवालदाराने बोटाने जमिनीकडे खूण करून हसत मान हलवली. ध्वनिमुद्रण एकदाच होते. जमीन उघडी आहे की झाकलेली, हे त्याला ठाऊक नसते. झाकलेल्या महिन्यांत गेला असाल, तर जमिनीचे भाग सरळ ओलांडून पुढे जावे आणि तो वेळ शिल्पकार निकोला पिसानोच्या प्रवचनपीठाला द्यावा. 1265 ते 1268 या काळात घडवलेले हे अष्टकोनी संगमरवरी पीठ सिंहांच्या पाठीवरच्या खांबांवर उभे आहे आणि ते बारा महिने उघडेच असते.

उघडी असताना गेलात, तर उलट चूक होते: माणसे वर पाहतच नाहीत. एकदा तरी मान उचलून मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना, कमानींच्या वर, रांगेने खाली पाहणारे पोपांचे अर्धपुतळे बघावेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबांवरून ते सगळे जण आपल्यावर लक्ष ठेवून असल्यासारखे वाटतात.

क्रमांक एकपासून सुरुवात करणे

ऑडिओ बहुधा दर्शनी भागापासून सुरू होतो आणि लोक मुकाट्याने त्यामागे जातात. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिल्यांदा येणाऱ्याने सकाळी प्रथम संग्रहालयात जावे. त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण व्यवहाराचे. फाच्चातोनेवर जाण्याचा जिना अरुंद आणि गोल आहे, वर उभे राहायची जागा चिंचोळी आहे, त्यामुळे ठरावीक संख्येनेच माणसे वर सोडतात. सकाळी जी रांग छोटी असते, ती दुपारी इतकी वाढते की लोक ती पाहूनच बेत सोडून देतात. ज्यांना बंद जिन्यात घुसमटायला होते किंवा गुडघे त्रास देतात, त्यांनी मात्र हा भाग गाळावा. अर्ध्यातून परत फिरणे तेथे सोपे नाही.

दुसरे कारण समजण्याचे. 1339 मध्ये सिएनाच्या नगरराज्याने आपले कॅथेड्रल इतके मोठे करायचे ठरवले की तेव्हाचे अख्खे कॅथेड्रल नव्या वास्तूचा केवळ आडवा भाग ठरले असते. 1348 मध्ये प्लेगची साथ आली, शहराची फार मोठी लोकसंख्या दगावली, उभ्या राहिलेल्या भिंतींच्या बांधकामातही दोष निघाले आणि पुढच्या दशकात ते काम कायमचे सोडून देण्यात आले. फाच्चातोने म्हणजे त्या कधीच पूर्ण न झालेल्या कॅथेड्रलची दर्शनी भिंत. तिच्या माथ्यावर उभे राहिले की खालच्या मोकळ्या जागेत नव्या दालनाच्या कमानी, पलीकडे आजचे कॅथेड्रल आणि दुसरीकडे काम्पोचा चौक एका नजरेत येतात. हा आराखडा डोळ्यांनी पाहिल्यावर ऑडिओमधले ‘नवे कॅथेड्रल’ आणि ‘जुने कॅथेड्रल’ हे शब्द गोंधळात टाकत नाहीत. खाली उभे राहून दहा वेळा ऐकले तरी ते डोक्यात बसत नाही, हा माझा अनुभव आहे.

मूळ वस्तू चुकीच्या इमारतीत शोधणे

ऑडिओ ऐकत कॅथेड्रलमध्ये चित्रकार दुच्चोचे ‘माएस्ता’, म्हणजे सिंहासनावरच्या मरियेचे चित्र, शोधणारे प्रवासी हमखास दिसतात. 9 जून 1311 रोजी हे प्रचंड चित्र चित्रकाराच्या कार्यशाळेतून मिरवणुकीने, घंटा वाजवत, कॅथेड्रलच्या मुख्य वेदीवर आणले गेले, हे निवेदन वेदीसमोर उभे राहून ऐकले की ते तेथेच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात 1771 मध्ये त्याचे तुकडे करण्यात आले, काही चित्रफलक देशाबाहेर गेले आणि उरलेला मुख्य भाग आज संग्रहालयात आहे. वेदीमागच्या मोठ्या गोल खिडकीची रंगीत काच आणि दर्शनी भागावरचे जोवान्नी पिसानोचे पुतळे यांचेही तसेच आहे: कॅथेड्रलवर प्रतिकृती, संग्रहालयात मूळ.

माएस्तासमोर आणखी एक चूक होते. पूर्वी हे चित्र दोन्ही बाजूंनी रंगवलेले होते. आता पुढची आणि मागची बाजू वेगळी करून एकाच दालनात समोरासमोर लावलेली आहे. मागच्या बाजूला येशूच्या अखेरच्या दिवसांतील प्रसंग छोट्या चौकटींत आहेत आणि आपण सवयीने वरच्या डाव्या कोपऱ्यापासून वाचायला लागतो. कथा मात्र खालच्या डाव्या कोपऱ्यात, जेरुसलेममधील प्रवेशाच्या उंच चौकटीपासून सुरू होते आणि खालचा भाग संपवून वर जाते. वरून सुरुवात केली की ऑडिओ आणि डोळे यांचा मेळ बसत नाही आणि माणूस यंत्र बिघडले असे समजून बटणे दाबत राहतो.

नावांचा घोळ

मराठीत ऑडिओ नसल्यामुळे आपण बहुधा इंग्रजी निवडतो आणि निवेदक बायबलमधील कथा श्रोत्याला माहीत आहेत असे गृहीत धरून बोलतो. सगळी पूर्वतयारी करणे शक्य नसले, तरी एक घोळ आधीच सोडवून ठेवावा. कॅथेड्रलच्या जमिनीवर मात्तेओ दि जोवान्नीच्या रेखाटनावरून 1481 मध्ये घडवलेले बालहत्येचे चित्र आहे. नवा राजा जन्मला या भीतीने हेरोद राजा तान्ही मुले मारवतो, हा तो प्रसंग. कंसाची गोष्ट ऐकून वाढलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही. पुढे बाप्तिस्मागृहात पुन्हा ‘हेरोद’ हे नाव ऐकू येते आणि तोच राजा असावा असे वाटते. तो त्याचा मुलगा, हेरोद अंतिपा. त्याच्या मेजवानीत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचे शिर तबकात आणले जाते, हा प्रसंग शिल्पकार दोनातेल्लोने बाप्तिस्म्याच्या कुंडावर ब्राँझमध्ये घडवला आहे. उजेड कमी असतो, म्हणून थोडे वाकून पाहावे: तबक पुढे येताच डावीकडे राजा हात वर करून मागे सरकतो, मुले घाबरून कडेला पळतात आणि मागच्या कमानींच्या पलीकडे, आणखी आतल्या दालनात, तेच शिर घेऊन येणारा माणूस पुन्हा दिसतो. कुंड षटकोनी आहे आणि प्रत्येक बाजूला एक शिल्पफलक आहे. गिबेर्ती आणि याकोपो देल्ला क्वेर्चा या शिल्पकारांचेही काम त्यावर आहे. बहुतेक लोक दारातून शिरल्यावर समोर दिसणारी बाजू पाहून निघून जातात. पूर्ण प्रदक्षिणा घालावी.

यंत्राच्या तक्रारी

फोनवरचे ॲप वापरणार असाल, तर ध्वनिफिती हॉटेलच्या वायफायवर आदल्या रात्री उतरवून घ्याव्यात आणि फोन विमान स्थितीत ठेवून त्या खरोखर वाजतात का, हे तेथेच तपासावे. जाड भिंतींच्या आत, आणि तळघरात तर विशेषच, नेटवर्कवर विसंबणे धोक्याचे आहे. वायरचे इअरफोन जवळ ठेवावेत, कारण ब्लूटूथचे इअरफोन दुपारपर्यंत मान टाकतात. दोघांनी एकाच इअरफोनचे एकेक टोक कानात घालून फिरण्याचा बचतीचा मार्ग मी अनेक जोडप्यांना अवलंबताना पाहिला आहे. त्यात एकाला चित्र दिसते आणि दुसऱ्याला खांब. स्पीकरवर ऐकण्याचा विचारही करू नये.

‘डावीकडे वळा’ ही सूचना कोणत्या बाजूची, हा दुसरा नेहमीचा प्रश्न. अशा वर्णनात बहुधा मुख्य दाराकडे पाठ आणि वेदीकडे तोंड असे गृहीत धरलेले असते. वेदीपर्यंत जाऊन परत फिरल्यावर निवेदन सुरू केले की ग्रंथालय उजवीकडे येते आणि सारे उलटे होते. अशा वेळी पुन्हा वेदीकडे तोंड करून उभे राहावे. बहुतेक वेळा तेवढ्यानेच गाडी रुळावर येते.

सगळ्या फिती ऐकण्याचा अट्टहास मात्र सोडावा. ग्रंथालयात चित्रकार पिंतुरिक्कियोने सोळाव्या शतकाच्या आरंभी रंगवलेली भित्तिचित्रे पोप दुसरा पायस याच्या आयुष्यातील दहा प्रसंग दाखवतात आणि दहाही प्रसंगांचे तपशील ऐकत बसले की रंग पाहायचे राहतात. ते रंग विलक्षण ताजे आहेत. तेथे एक फीत ऐकून यंत्र बंद करावे.

थोडक्या गोष्टी

खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे घालावेत, उन्हाळ्यातही. ओढणी किंवा पातळ शाल पिशवीत असली की पुरते. रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना कॅथेड्रल दुपारीच खुले होते. मोठ्या बॅगा मुक्कामीच ठेवाव्यात. छपराखालच्या वाटेने नेणारी ‘पोर्ता देल चिएलो’ ही फेरी वेगळ्या तिकिटाची, ठरलेल्या वेळेची आणि सोबत्यासह असते. साध्या पासवर ती मिळत नाही. हा पास तीन दिवस चालतो, पण प्रत्येक वास्तूत एकदाच जाता येते, म्हणून ‘नंतर परत येऊ’ असे म्हणून कॅथेड्रलमधून घाईने बाहेर पडू नये. सिएनात एक रात्र राहणार असाल, तर संग्रहालय पहिल्या दिवशी आणि कॅथेड्रल दुसऱ्या सकाळी, ही विभागणी उत्तम.

तळघर 1999 मध्ये सापडले. शतकानुशतके राडारोड्याने भरून राहिल्यामुळे तेथील तेराव्या शतकातील भित्तिचित्रांचे निळे आणि लाल रंग टिकले. पायऱ्या उतरताना मध्येच असलेले त्याचे दार ओलांडून लोक खाली बाप्तिस्मागृहात जातात आणि तळघर राहून गेल्याचे त्यांना रात्री तिकीट पाहून कळते. याच जिन्यावर एका पायरीत छोटा क्रूस कोरलेला आहे. सैतानाने ढकलल्यामुळे सिएनाची संत कॅथरिन तेथे पडली, अशी लोककथा सांगतात.

जिना खरोखर उतरता आणि दमवणारा आहे, म्हणून भाड्याने घेतलेले यंत्र कोठे परत करायचे, हे घेतानाच विचारून ठेवावे आणि ओळखपत्र ठेवून घेत असतील, तर पासपोर्टाऐवजी दुसरे काही चालते का, हेही विचारावे. बाप्तिस्मागृह पाहून झाल्यावर पाय तेथूनच शहराकडे वळू लागतात आणि गळ्यातले यंत्र आठवते तेव्हा सगळ्या पायऱ्या पुन्हा चढाव्या लागतात.