संघ सोडायचा की शिकवण सुधारायची: बाप्टिस्ट मंडळीतला वाद कसा हाताळावा

असा वाद उभा राहिला की दोन प्रश्न एकमेकांत गुंततात: ज्या संघाशी, म्हणजे बाप्टिस्ट मंडळ्यांच्या संघटनेशी, आपली मंडळी (स्थानिक चर्च) जोडलेली आहे त्याच्याबरोबर राहायचं का, आणि आपल्याकडची शिकवण शास्त्राला धरून आहे का. दोन्ही एकाच ठरावात घालू नका. शिकवणीची काळजी असलेल्या माणसाला संघ सोडायचाच असतो असं नाही. एकच ठराव ठेवलात तर त्याला नाइलाजाने एका गटात उभं राहावं लागतं आणि फूट तिथेच पडते.

बाप्टिस्टांत बिशप नाही. संघ फार तर संबंध तोडेल, मंडळी फार तर बाहेर पडेल. म्हणूनच सभासदांची सभा नीट घेणं इतकं महत्त्वाचं. १८८७मध्ये लंडनचे प्रसिद्ध बाप्टिस्ट उपदेशक स्पर्जन तिथल्या बाप्टिस्ट युनियन या संघातून बाहेर पडले, तेव्हा त्यांची मोठी तक्रार हीच होती की पाण्यात बुडवून द्यायच्या बाप्तिस्म्यापलीकडे युनियनकडे लेखी विश्वासमतच (आपण काय मानतो याचं कलमवार निवेदन) नाही. मग शुद्धता मोजायची कशावर? तुमच्या मंडळीचं विश्वासमत लेखी नसेल तर आधी ते लिहा, भांडण नंतर.

तक्रारही लेखीच घ्या, आणि नेमकी. ‘शिकवण बिघडली’ ही तक्रार नव्हे. कोणत्या रविवारी, कोणत्या वचनावर, काय म्हटलं गेलं आणि विश्वासमताच्या कोणत्या कलमाशी ते जुळत नाही, एवढं एका पानात बसलं पाहिजे. ते पान घेऊन आधी पाळकांना एकांतात भेटा, मग दोघांतिघांना सोबत घेऊन. मत्तय १८:१५-१७ मधला क्रम सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला की एकांताची पायरी कायमची गेली.

मग मुद्द्याचं वजन ठरवा. येशूचं पुनरुत्थान किंवा कृपेने तारण नाकारलं जात असेल तर तडजोड नाही. शेवटच्या काळाबद्दलची मतं किंवा उपासनेतली वाद्यं यांवरून मंडळी मोडू नये. खरी अडचण मधल्या मुद्द्यांची, आणि कोल्हापुरात ती हमखास येते. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२मध्ये इथे आले आणि पुढे हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. प्रेस्बिटेरियन तान्ह्या बाळांनाही बाप्तिस्मा देतात, बाप्टिस्ट मात्र स्वतः विश्वास धरलेल्यालाच. त्यामुळे इथल्या कित्येक ख्रिस्ती घराण्यांत शिशुबाप्तिस्माच झालेला असतो. अशा घरातली सून किंवा जावई सभासदत्वाचं पत्र घेऊन आला तर? पुन्हा बाप्तिस्मा मागायचा, की विश्वासाची साक्ष ऐकून घ्यायचं, आणि प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीला) बसू द्यायचं का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. तीनही नियम माणूस दारात येण्यापूर्वी ठरवा. समोर चेहरा असला की नियम त्या चेहऱ्याकडे बघून होतो.

संघाबद्दलच्या ठरावाआधी कपाटातली कागदपत्रं काढा: घटना, ट्रस्ट डीड, जागेचा उतारा. जागा संघाच्या नावावर असेल तर बहुमत मिळूनही इमारत मिळणार नाही, आणि हे मतदानानंतर कळणं फार वाईट. संस्था १८६०च्या सोसायटी कायद्याखाली असेल आणि उद्देश बदलायचे असतील तर १० दिवस आधी लेखी प्रस्ताव, तीन पंचमांश मतं, आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या सभेत पुन्हा तेवढंच बहुमत लागतं. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय जागा विकता येत नाही.

सभा प्रभुभोजनाच्या रविवारी ठेवू नका. गळीत हंगामात गावाकडचे सभासद उसात अडकलेले असतात, त्या दिवसांतही नको. सभासदांची यादी आधी महिनाभर भिंतीवर लावा. सर्वांत जास्त भांडणं ‘हा सभासद आहे का’ यावरूनच होतात. मतदान चिठ्ठीने घ्या. हात वर करायचे म्हटलं की सुना सासऱ्यांकडे बघतात.

पैशाचाही खुलासा ठरावातच हवा. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट संघाने १९२५मध्ये विश्वासमत आणि एकत्रित निधी एकाच वर्षी स्वीकारले. तेव्हापासून तिथे निष्ठेचा वाद पैशापर्यंत पोचतोच. संघाला वर्गणी कधीपर्यंत जाणार, ती तारीख लिहा.

शेवटी, बाहेर पडणाऱ्या घरांना सभासदत्वाचं पत्र त्याच आठवड्यात द्या आणि दफनभूमीचा हक्क ठरावात स्वतंत्र कलमाने नोंदवा. ते कलम राहून गेलं तर पुढच्या मातीच्या दिवशी, प्रेत दारात असताना, किल्ली कोणाकडे यावरून वाद होतो.